इंदूमावशींची झडती

आमच्या कारखान्यात कुणाला दिवस गेलेत, ही बातमी त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी इंदूमावशींना कळायची. यात दैवी काही नव्हतं. मावशी गेटवर सिक्युरिटीला होत्या आणि शिफ्ट सुटताना बायांची झडती घेणं हे त्यांचं काम होतं. आमच्याकडं गाड्यांच्या वायरी बांधतात, आणि तांब्याची तार ही वस्तूच अशी आहे की साधूचाही हात वळवळावा. तेव्हा साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली की एकेका बाईनं पडद्यामागं जायचं, हात वर करायचे आणि मावशींनी चाचपून सोडायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे बाया, अशी बारा वर्षं. एवढ्या कमरा हाताखालून गेल्यावर माणसाला मशीन लागत नाही.

"हात तर लई लांब ऱ्हायला," मावशी म्हणायच्या. "ॲप्रनची गाठ दोन बोटं वर सरकली की समजायचं. पोरगी सासूला फसवंल, मला न्हाई."

मी शेजारीच, टाइम ऑफिसात. हजेरी, पंचिंग, गेटपास हे माझं खातं. मावशींची केबिन आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच पत्रा होता, त्यामुळं तिकडचं सगळं इकडं ऐकू यायचं. मी मुद्दाम ऐकायचो असं नाही. कान मिटायची सोय देवानं केलेली नाही, त्याला मी काय करू?

मावशी ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सहावारी साडी, त्यावर एजन्सीचा निळा शर्ट, शर्टावर पट्टा. टोपी फक्त मोठ्या साहेबांची गाडी दिसली की डोक्यावर चढायची, एरवी तिच्यात शेंगा असायच्या. वय कागदावर अठ्ठेचाळीस. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते अठ्ठेचाळीसच होतं. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत गँगमन. "आमच्या दौंडात गाडी लेट असती, माणूस न्हाई," असं म्हणून उशिरा आलेल्या इंजिनियरांना त्या गेटवर चांगलं घोळवायच्या. केबिनमध्ये एक स्टूल, चहाची इलेक्ट्रिक शेगडी आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, जो त्यांच्या वस्तीत घराघरात आहे. बायांना त्याच्याकडं बोट करून सांगायच्या, "लिहिणारानं लिहून ठिवलंय. आपल्याला निस्तं मागायचंय, त्ये बी जमंना व्हय गं तुमास्नी?"

मागायचं म्हणजे काय, तर बाळंतपणाची रजा. कायद्यानं सव्वीस आठवडे मिळते, भरपगारी, कायम असा नाहीतर कॉन्ट्रॅक्टवर असा. अट एवढीच, की बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात कामाचे ऐंशी दिवस भरलेले पाहिजेत. आता ही ऐंशीची अट बायांना ठाऊक नसते आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरला तोंडपाठ असते. ऐंशी भरायच्या आत पोट कळलं की बाईला 'ब्रेक' मिळतो. ब्रेक म्हणजे उद्यापासून येऊ नको. कारण कुणी लिहून देत नाही, आणि मागायची हिंमत कुणाला नसते.

वर आमच्या बायांची आणखी एक तऱ्हा. पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. म्हणजे कागद द्यायचा तेव्हा तोंडात गुळणी धरायची, आणि पोट दिसायला लागलं की सातपुतेच्या तावडीत सापडायचं. सातपुते हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. पांढरे बूट घालायचा आणि चहावाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना 'डिअर' म्हणायचा. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचा, पण माझी हजेरीची वही रोज त्याच्या हाताखालून जायची, तेव्हा मी आपला हसून 'गुड मॉर्निंग' म्हणायचो.

मावशींना या सगळ्याचा एवढा पुळका का, हे मी एकदा विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही. "मी पॅकिंगला हुते एका ठिकाणी. थोरला झाला, सव्वा म्हैन्यानं परत गेले. माझ्या जागी दुसरी बसलेली. म्या तिच्याकडं बघितलं, तर तिला बी पाचवा." मग खो खो हसल्या. "दोघी बी येडपट. कायदा हाय ह्येच कुणी सांगितलं न्हाई." मला काही हसू आलं नाही. त्यांनी शेंगांची मूठ माझ्यापुढं धरली आणि विषय बदलला.

बायांचंच कशाला, बाप्यांनाही त्यांनी सोडलं नाही. आमच्या कंपनीच्या नियमात कायम कामगाराला मूल झाल्यावर पाच दिवस रजा आहे. कुणीतरी पुण्याहून छापून आणलेला कागद. नोटीस बोर्डावर लागला आणि त्याच्यावर क्रिकेट टीमची यादी चिकटली, संपला विषय. ती रजा कधी कुणी घेतलीच नव्हती. बायको बाळंतीण आणि हा रजेवर, असं चारचौघांत कोण ऐकून घेणार?

मेंटेनन्सचा शिंदे पाबळचा, तालमीतला गडी, मिशीला पीळ. त्याला मुलगी झाली आणि हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला गेटवर हजर. मावशींनी आधी पेढे मागवले. शिंद्यानं खुशीत अख्ख्या शिफ्टला वाटले. शेवटचा पेढा संपल्यावर मावशी गेटच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"शिंदे, आता समद्या कंपनीला कळलं. जावा घरी."

"घरी जाऊन काय करू मावशी? तिची आई आलीय की."

"तिची आई आली. पोरीचा बाप कुठाय?"

शिंदे चक्क लाजला. मावशींनी आवाज चढवला. "रजा न्हाई घेतली तर बाया म्हंतील, पोरगी झाली म्हणून ह्यानं तोंड फिरवलं. मी न्हाई म्हणायची. पन शंभर बायांची तोंडं मी कुठवर धरू?" मागं उभ्या असलेल्या बाया पेढा चघळत माना डोलवत होत्या. शिंद्यानं मुकाट्यानं अर्ज लिहिला. पाच दिवसांनी आला तेव्हा मिशीचा पीळ सुटलेला. "मावशी, जळलेली मोटार भरणं सोपं," एवढंच म्हणाला. पण त्यानंतर कॅन्टीनमध्ये कुणी नवा बाप दिसला की हाच त्याला रुमालावर लंगोट बांधून दाखवायचा आणि रजेचा नियम कुठल्या कागदाखाली आहे तेही सांगायचा.

आता सारिकाबद्दल सांगतो, कारण मावशी मला आठवतात त्या तिच्यामुळंच.

सारिका आमच्या पाटसकडची. नवरा साखर कारखान्यावर सिझनला, सिझन संपला की घरी. वर्षभर चालणारं काम घरात हिचं एकटीचं. आधीच्या एका ठिकाणी तिनं तिसऱ्यातच आनंदानं सगळ्यांना सांगितलं होतं. चार दिवसांत ब्रेक मिळाला, आणि पंधरा दिवसांत ते मूलही गेलं. सासूनं ठरवून टाकलं, दृष्ट लागली. त्यानंतर आमच्याकडं कॉन्ट्रॅक्टवर लागली आणि दोन महिनेही झाले नव्हते, तोच एका दुपारी पत्र्यापलीकडून मावशींचा आवाज आला.

"किती झाले?"

"काय किती?"

"सारे, मी झडती घेती, कीर्तन न्हाई करत. किती म्हैने?"

मग बराच वेळ नुसतं रडणं. "मावशी, कुणाला सांगू नका. पाचवा लागू द्या. सासूबाईंनी शपथ घातलीय."

"पाचवा लागंल तवा तुझं नाव हजेरीवर आसंल का?" आणि पत्र्यावर टकटक झाली. "भाऊ, हिचे दिवस किती भरले?"

मी, ज्याला काहीच ऐकू येत नव्हतं असा माणूस, पटकन म्हणालो, "एक्केचाळीस."

झालं. त्या एका शब्दानं मी त्या भानगडीत अडकलो. "म्हंजी एकुणचाळीस ऱ्हायले," मावशी म्हणाल्या. "तंवर हिला मी झाकते. ऐंशी भरले की त्याच दिशी कागद द्यायचा. आन् भाऊ, तुम्ही काय ऐकलं न्हाई."

झाकते म्हणजे काय, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. मावशींनी झडतीच्या वेळी एकेकीच्या कानात सांगायला सुरुवात केली, की ॲप्रन कमरेला बांधल्यानं पाठ धरते, छातीखाली बांधावा, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलंय. कुठला दवाखाना, कुठले डॉक्टर, कुणी विचारलं नाही. शनिवारपर्यंत लाइनवरच्या सगळ्या बायांचे ॲप्रन बरगडीला बांधलेले. सातपुते लाइनीवरून चालायचा तर एकजात सगळ्या चार महिन्यांच्या दिसायच्या. खरी गंमत म्हणजे दोघीतिघींनी मला सांगितलं, की पाठ खरंच थांबली.

सातपुते बावळट नव्हता. तो एक दिवस चहाचे दोन कप घेऊन मावशींच्या केबिनमध्ये गेला. "डिअर मावशी, तुम्हाला तर सगळं कळतं. दर महिन्याला मला फक्त नावं द्यायची. तुमचंही एजन्सीकडं मी बघतो."

"देते की," मावशी म्हणाल्या. "आपलं काय जातंय?"

माझ्या हातातला चहा गार झाला. मला मावशींचा इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांच्याकडं न बघता घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच यादी दिली. तीन नावं. पहिलं नाव कॅन्टीनच्या पारूबाईंचं, ज्यांच्या नातवाचं लग्न ठरलं होतं. दुसरं सातपुतेच्या मेहुणीचं, जिला त्यानं पॅकिंगमध्ये खुर्चीचं काम दिलं होतं. आणि तिसरं एचआरच्या नेहा मॅडमचं.

पारूबाईंपाशी सातपुते थांबला नाही. मेहुणीचं मात्र त्यानं घरी विचारलं, आणि घरी दोन दिवस त्याला जेवायला कुणी वाढलं नाही असं ऐकतो. तिसऱ्या नावाचा त्यानं वेगळा उपयोग केला. मॅनेजर साहेबांपुढं शहाणपणा मिरवायला जाऊन सांगितलं, आणि साहेब बिचारे सरळ माणूस, त्यांनी भर कॅन्टीनमध्ये मॅडमचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

कारण ते खरं होतं.

मॅडम तडक गेटवर आल्या. पडदा ओढला. मी पेन खाली ठेवलं, आता लपवून काय उपयोग.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमी गाडीतनं उतरताना हल्ली आधी हात टेकता. आन् पर्समंदी आवळा."

"मला अजून कुणाला सांगायचं नव्हतं. माझी आई म्हणते पाचव्यापर्यंत नको. आणि आता प्रमोशनची लिस्ट निघायचीय, माहिती आहे ना? आता ते मला घेतील का?"

मावशी हळू म्हणाल्या, "म्हंजी तुमचं बी आमच्यावानीच हाय की."

आणि पुन्हा त्यांचाच आवाज. "चुकलं माझं, मॅडम. तुमचं गुपित हुतं, माझ्या बापाचं न्हाई. पन तुमच्यावर हात टाकायची त्याची टाप न्हाई, म्हणून तुमचं नाव घातलं. तुमच्या आडून मला एक पोरगी लपवायची हाय. तिचे दिवस भरायचेत." आणि मग त्यांनी सारिकाचं सगळं सांगितलं. पडदा सरकला, मॅडमच्या सँडलचा आवाज दूर गेला. मला वाटलं, आता मावशींचं काही खरं नाही. चेष्टेला मर्यादा असते, आणि ती मावशींनी ओलांडली होती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "व्हय," म्हणाल्या. नुसतं 'व्हय'.

मॅडमनी कुठंही तक्रार केली नाही. फक्त त्या दिवसापासून त्या गेटमधून आत येताना माझ्या खिडकीशी थांबायच्या आणि विचारायच्या, "आज किती?" मी म्हणायचो, "बासष्ट." "एकाहत्तर." "अठ्ठ्याहत्तर." बाहेरच्या माणसाला वाटावं आम्ही क्रिकेटचा स्कोअर बोलतोय.

एकुणऐंशी भरले आणि ऐंशीव्या दिवशी सकाळी घात झाला. कंपनीच्या बसमधून उतरताना सारिकाला उलटी आली, आणि नेमका सातपुते तिथं उभा. ती सातला पंच करून आत गेली. आठला पांढरे बूट माझ्या दारात.

"डिअर, त्या सारिकाची आजची हजेरी लावू नकोस. तिला कालपासून ब्रेक आहे. पंच मारलाय तो काढून टाक."

मी म्हणालो, "बघतो." मी 'नाही' म्हणालो नाही, हे मी लपवत नाही. मला भित्रा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बघावं. तो गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढं तिचं नाव उघडून बसलो आणि तासभर तसाच बसून राहिलो. पत्रा दोन्ही बाजूंनी सारखाच पातळ असतो, हे मात्र मी विसरलो होतो.

साडेनऊला चहाची सुट्टी झाली. सारिका मावशींच्या केबिनमध्ये आली. अर्ज आधीच तयार होता, मावशींच्या सांगण्यावरून मीच लिहिला होता. पण सही होईना.

"मावशी, पाचवा लागला नाही अजून. मागच्या खेपेला सांगितलं आणि गेलं. मला भ्या वाटतंय."

मला वाटलं आता मावशी कायदा सांगतील. त्यांनी शेगडी पेटवली. "माझा ह्या दृष्टबिष्टवर काडीचा इश्वास न्हाई," त्या म्हणाल्या. "पन तुझा हाय ना? मग ये, बस हितं." स्टुलावर बसवून त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि मूठभर लाल मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि तापल्या शेगडीवर टाकल्या. एक मिनिटात मला पत्र्याअलीकडं ठसका लागला. मावशी खोकत होत्या, सारिका खोकत होती.

"दृष्ट आसली तर ठसका लागतो का गं?"

"न्हाई लागत, मावशी."

"मग? न्हाईच दृष्ट. कर सही."

ती सही करत असतानाच छतावरचा धुराचा अलार्म वाजला. केबिनमधला वाजला की सगळ्या प्लँटचे वाजतात. सहाशे माणसं हातातली कामं टाकून मैदानाकडं पळाली. मावशींनी आग विझवायचं ट्रेनिंग दोनदा घेतलेलं होतं. अलार्म कुठं आहे, कशानं वाजतो आणि वाजल्यावर काय करावं लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ते मुद्दाम केलं का, हे मी नंतर दहादा विचारलं. "मिरच्या लई तिखट निघाल्या," याच्यापलीकडं उत्तर नाही.

अलार्म वाजला की मैदानात सगळ्यांना ओळीनं उभं करून टाइम ऑफिसनं नावं पुकारायची असतात. कोण आत आहे, कोण बाहेर, याचा तो कागद. त्याच्यावर जागेवर मॅनेजरची आणि सेफ्टी ऑफिसरची सही होते आणि मग तो कागद कुणाच्या बापाला बदलता येत नाही. मी नावं पुकारत गेलो. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला सातपुते. तिचं नाव आलं आणि माझी जीभ अडखळली. सातपुते माझ्याकडं बघून मान हलवत होता. मावशी समोर होत्या, डोळ्यांतून मिरचीचं पाणी वाहत होतं, आणि त्या माझ्याकडं अजिबात बघत नव्हत्या. बघितलं असतं तर कदाचित मला राग आला असता.

मी नाव पुकारलं.

"हजर," सारिका म्हणाली.

साहेबांनी सही केली. ऐंशी भरले. मग ती ओळीतून पुढं आली आणि सगळ्यांदेखत तिनं अर्ज नेहा मॅडमच्या हातात दिला. सातपुते म्हणाला, "मॅडम, हिला तर कालच ब्रेक दिलाय." मॅडम म्हणाल्या, "आज ती हजर आहे, आत्ताच ऐकलं आपण. मीही चार महिन्यांची आहे. हिच्या आणि माझ्या रजेत काय फरक आहे, ते मला लेखी द्या." पोच म्हणून त्यांनी तिथंच, माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. शिंदे मागून म्हणाला, "मावशी, कुठं लागलीय आग?" आणि सहाशे माणसं खदाखदा हसली.

हसून झालं आणि आठ दिवसांत एजन्सीचं पत्र आलं. धूर करून प्लँट बंद पाडला, म्हणून इंदूमावशींची बदली. यवतच्या पुढं एका गोडाऊनच्या गेटवर. तिथं एकही बाई कामाला नव्हती, हे कुणीतरी नीट बघून ठरवलं होतं. मॅडमनी धडपड केली, पण सिक्युरिटी एजन्सी वेगळी, तिथं त्यांचं चालेना. मी काय केलं? मी काही केलं नाही. मैदानात एक नाव पुकारलं होतं, तेवढ्यावरच माझं शौर्य संपलं. मावशी जाताना फोटो पिशवीत घालत म्हणाल्या, "भाऊ, पत्रा जाड करून घ्या." मला हसवायला म्हणाल्या असाव्यात. मला रडू आलं आणि त्याचीही लाज वाटली.

सारिकाला मुलगा झाला. सव्वीस आठवडे घरी राहिली, पगार चालू राहिला, आणि परत आली तेव्हा जागा तीच, लाइन तीच. मॅडमही त्याच सुमाराला परत आल्या, प्रमोशन घेऊन. आल्या त्या पाळणाघराची फाइल काखोटीला मारूनच. पन्नासच्या वर माणसं असली की ते कायद्यानंच लागतं, आमच्याकडं त्या खोलीत जुन्या खुर्च्या होत्या. पहिल्या दिवशी तिथं दोन पाळणे लागले, एकात मॅडमची मुलगी, एकात सारिकाचा मुलगा.

ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. रविवारी गावाकडं जाताना मी यवतला उतरलो आणि रिक्षानं गोडाऊन गाठलं. मावशी तशाच, निळा शर्ट, पट्टा. समोर लांबलचक कंपाउंड, ट्रकांची रांग आणि धूळ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "जागा तीच दिली ना?" हे दोनदा विचारलं. पोराचं नाव विचारलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हितं निस्ते ट्रक. कुणाची कंबर बघू, भाऊ?"

तेवढ्यात एक ट्रक बाहेर निघायला आला. ड्रायव्हर तिशीचा, बिहारकडचा. मावशींनी कागद तपासता तपासता त्याच्याकडं पाहिलं आणि हात थांबला.

"मोबाइल में क्या देखके हसता रे?"

"बेटी हुई है मौसी। चार दिन हो गए। फोटो आया है।"

"बेटी का बाप तू, आन् फोटो देखता? छुट्टी मांगा क्या?"

तो हसला. "ड्राइवर को कौन छुट्टी देगा? ऐसा कोई कानून नहीं है।"

"खरंय मावशी," मी म्हणालो. "बापासाठी कायदा नाही. आपल्या कंपनीचा नियम वेगळा, पण ह्याला कुणी विचारणार नाही."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "अर्ज करायला कायदा कशाला लागतोय? कायदा व्हायच्या आधी कुणीतरी अर्जच केला आसंल की. बसा तिथं, लिहा. ए, तेरे सेठ का नाम क्या हय?"

मी पोत्यावर बसलो आणि लिहिलं. त्यानं सही केली, अजूनही हसतच, पण अक्षरं सावकाश काढत. मावशींनी त्याच्याच मोबाइलवरून त्याच्या मालकाला फोन लावला. माझी रिक्षा थांबलेली, मला निघावं लागलं. वळणावरून मागं बघितलं तेव्हा मावशी ट्रकच्या पुढ्यात उभ्या होत्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात अर्ज. "हॅलो सेठ, मैं गेट से बोलती, नही, ॲक्सिडेंट नही हुआ, बच्ची हुई हय," असं काहीतरी खच्चून सांगत होत्या. मागं सहा ट्रक हॉर्न वाजवत होते आणि मावशींनी अजून गेट उघडलेलं नव्हतं.